व्हीबी ६ मधलं सायंटिफिक कॅल्क्युलेटर नव्याने लिहायचंय, सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा. रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात वीसेक वर्षांपूर्वी व्हीबी ६ मध्ये (व्हिज्युअल बेसिक ६, मायक्रोसॉफ्टची जुनी प्रोग्रामिंग भाषा) लिहिलेलं सायंटिफिक कॅल्क्युलेटर अजून रोज वापरात आहे: लॅबमध्ये, मेंटेनन्समध्ये आणि स्टोअरमध्येही. त्यात नव्वदेक युनिटांचं रूपांतर आहे. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेला. तुमचा बेत असा की पायथॉनमध्ये नवी स्क्रीन करायची, आत इव्हॅल (टाइप केलेला मजकूर थेट कोड म्हणून चालवणारं फंक्शन) लावायचं, रूपांतराचे गुणक जुन्या कोडमधून उचलायचे आणि महिन्याभरात मोकळं व्हायचं.

महिना पुरेल, पण क्रम उलटा आहे. स्क्रीन सगळ्यात शेवटी. पहिला आठवडा नव्या कोडची एक ओळही लिहू नका. जुनं कॅल्क्युलेटर कुठल्या गणिताला काय उत्तर देतं ते आधी कागदावर येऊ द्या. या कामात कोड लिहिणं त्यामानाने सोपं असतं. जुनं आणि नवं उत्तर जिथे वेगळं येतं तिथे कोणाचं बरोबर धरायचं, हे ठरवण्यात खरा वेळ जातो. आणि ते तुम्ही एकट्याने ठरवायचं नसतं.

तर एक तक्ता करा. रकाने सहा: गणित, जुनं उत्तर, नवं उत्तर, फरक कशामुळे, निर्णय, निर्णय कोणाचा. निर्णयाच्या रकान्यात तीनच शब्द चालतील: चूक, सवय किंवा नियम. चूक असेल तर दुरुस्त करायची. सवय असेल तर ती ठेवायची की मोडायची हे वापरणाऱ्याला विचारायचं. नियम असेल तर त्याला हात लावायचा नाही. अडीचशे-तीनशे गणितं पुरतात. ती मनाने रचू नका. या पहिल्या आठवड्यात तिन्ही विभागांतल्या लोकांकडून खरीखुरी गणितं गोळा करा. टेबलाच्या काचेखाली सरकवलेल्या चिठ्ठ्याही वाचा. 'बॉयलरसाठी उत्तराला इतक्याने गुणा' असं एखाद्या चिठ्ठीवर सापडलं, तर जुन्या प्रोग्राममधला एक गुणक चुकीचा आहे आणि लोक तो हाताने सुधारत आले आहेत, असं समजा. नव्यात तुम्ही गुणक बरोबर केलात आणि चिठ्ठी तशीच राहिली, तर उत्तर दोनदा सुधारलं जाईल.

या तक्त्यात काय निघतं ते राउंडिंगवरून बघा. व्हीबी ६ मधलं राउंड हे फंक्शन २.५ चे २ करतं आणि ३.५ चे ४. पाच नेमका मध्यावर आला की ते सम अंकाकडे वळतं. एक्सेल २.५ चे ३ करतं, त्यामुळे बघणारा लगेच म्हणतो की जुनं कॅल्क्युलेटर चुकतंय. पण संख्या पूर्णांकित करण्याचं भारतीय मानक आयएस २ हेच सांगतं: नेमका मध्य आला की सम अंकाकडे. लॅबचे टेस्ट रिपोर्ट त्या मानकाने बनत असतील तर जुनं वागणं हा नियम आहे, आणि ते 'सुधारलं' तर रिपोर्ट बिघडतील. आता पुढची गंमत. त्याच व्हीबी ६ मधलं फॉरमॅट हे फंक्शन २.५ चे ३ दाखवतं. म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये मेमरीत गेलेली संख्या एका पद्धतीने आणि स्क्रीनवरची दुसऱ्या पद्धतीने राउंड झालेली असू शकते. जुन्या कोडमध्ये हे दोन्ही शब्द शोधा आणि कुठे कोणता वापरलाय ते तक्त्यात मांडा.

पायथॉनचं राउंड सुद्धा समाकडेच वळतं, म्हणून निश्चिंत व्हाल. पण २.६७५ ला दोन दशांशांपर्यंत राउंड करून बघा. उत्तर २.६७ येतं. समाकडे वळलं असतं तर २.६८ यायला हवं होतं, कारण ७ विषम आहे. इथे राउंडिंगचा दोष नाही. २.६७५ ही संख्या बायनरीत नेमकी बसत नाही, आत साठते ती किंचित कमी असते, त्यामुळे मध्याचा प्रश्नच उरत नाही. म्हणून दुसरा मोठा निर्णय: संख्या आत कशा ठेवायच्या?

साध्या डबलमध्ये (पायथॉन त्यालाच फ्लोट म्हणतो) ५३ बिट असतात, म्हणजे १५ ते १७ सार्थ अंक. कारखान्याच्या गणिताला एवढी अचूकता रग्गड झाली. अडचण अचूकतेची नसून लाजिरवाण्या उत्तरांची आहे. ०.१ + ०.२ − ०.३ केलं की शून्याऐवजी ५.५५ × १०^(−१७) येतं. अंश मोडमध्ये साइन ३० चं उत्तर ०.४९९९९९९९९९९९९९९९४ येतं. टॅन ९० ला 'अस्तित्वात नाही' म्हणायला हवं, तिथे १.६३ × १०^१६ छापलं जातं. विंडोजच्या कॅल्क्युलेटरमध्येही बरीच वर्षं ४ चं वर्गमूळ वजा २ केलं की शून्य येत नसे, एक अतिसूक्ष्म ऋण संख्या यायची. नंतर ते दुरुस्त झालं. असं एक उत्तर दिसलं की लोकांचा सगळ्याच उत्तरांवरचा विश्वास उडतो.

माझा सल्ला असा: बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि पूर्णांक घात अपूर्णांकांत करा. पायथॉनमध्ये त्यासाठी फ्रॅक्शन हा संख्याप्रकार तयार आहे. संख्या त्याला मजकूर म्हणून द्या. '०.१' हा मजकूर दिला तर १/१० साठतो. आधी फ्लोट करून दिला तर ३६०२८७९७०१८९६३९७ भागिले ३६०२८७९७०१८९६३९६८ साठतो आणि सगळा खटाटोप वाया जातो. साइन, लॉग, वर्गमूळ आलं की एमपीमॅथ या पायथॉन लायब्ररीने ४० अंकांपर्यंत काढा आणि स्क्रीनवर १२ अंक दाखवा. अंशांतल्या कोनाला आधी ३६० ने भागून बाकी घ्या, मगच रेडियनमध्ये न्या. ३० च्या पटीतल्या कोनांचा साइन आणि ४५ च्या पटीतल्यांचा टॅन थेट तक्त्यातून द्या. ३० च्या पटीत वर्गमूळ असलेली उत्तरं निघाली तर ती नेहमीच्या वाटेने जाऊ द्या. निव्हेनच्या प्रमेयानुसार परिमेय अंशांच्या कोनाचा साइन परिमेय असेल तर तो ०, ±१/२ किंवा ±१ एवढाच असतो, त्यामुळे तक्ता इवलासाच राहतो.

अपूर्णांकांना लगाम मात्र लागतो. १.०१ चा ५००० वा घात अपूर्णांकात काढला तर छेदच दहा हजार अंकांचा होतो. ९^९^९ (९ चा ९^९ वा घात) कोणी गंमत म्हणून टाकलं तर उत्तरात सदतीस कोटींच्या आसपास अंक असतात आणि मशीन गोठतं. अंश किंवा छेद हजार अंकांपलीकडे गेला की आपोआप ४० अंकी दशांशावर या. घातांकालाही मर्यादा घाला.

आता इव्हॅल. ते नकोच. सुरक्षेचं कारण सगळ्यांना माहीत असतं: रकान्यात टाइप केलेलं काहीही चालवलं जातं, फाइल पुसणारी ओळसुद्धा. पण तुमच्या बाबतीत त्याहून जवळचं कारण आहे. जुना प्रोग्राम बहुधा स्क्रिप्ट कंट्रोल या तयार घटकातून व्हीबीस्क्रिप्टकडे (मायक्रोसॉफ्टच्या स्क्रिप्ट भाषेकडे) गणित सोपवतो. कोडमध्ये ते नाव शोधून खात्री करा. तसं असेल तर पुनर्लेखनाची घाई खरंच आहे, कारण मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हीबीस्क्रिप्ट टप्प्याटप्प्याने काढून टाकणार असल्याचं जाहीर केलंय. आता व्हीबीस्क्रिप्ट आणि पायथॉन तेच गणित कसं वाचतात बघा. घाताचं चिन्ह ^ पायथॉनमध्ये एक्सॉर, म्हणजे बिटांवरची एक वेगळीच क्रिया, आहे, २^३ चं उत्तर १ येईल. ते बदलून दोन तारे केले तरी २^३^२ व्हीबीत डावीकडून सुटतं आणि ६४ येतं, पायथॉनमध्ये उजवीकडून, म्हणजे ५१२. −७ मॉड ३ (भागून उरलेली बाकी) व्हीबीत −१, पायथॉनमध्ये २. ७.६ मॉड ३ व्हीबीत २ येतं, कारण मॉड आधी दोन्ही संख्या पूर्णांकित करतो, पायथॉन १.६ देतो. या कशातही एरर येत नाही, आणि हाच खरा धोका.

−२^२ चं वेगळंच. व्हीबीत −४, पायथॉनमध्ये −४, एक्सेलमध्ये ४. इथे जुनं आणि नवं जुळेल, तरी तक्त्यात ओळ ठेवा, कारण एक्सेलशी ताडून बघणारा कोणीतरी फोन करणारच.

व्याकरण, म्हणजे टाइप केलेलं गणित कोणत्या क्रमाने वाचायचं ते, स्वतःचं लिहा. घाबरण्यासारखं काही नाही. डायक्स्ट्राची १९६१ ची शंटिंग यार्ड पद्धत किंवा प्रॅटची १९७३ ची पद्धत, दोन्हींपैकी कुठलीही घ्या. प्रॅट मला जास्त आवडते, कारण ऋण चिन्ह, फॅक्टोरियल आणि टक्का हे एकाच साच्यात बसतात. तीनशे ओळींत होतं. निर्णय मात्र आधी लिहून काढा. ६÷२(१+२) याचं काय करायचं? बाजारातली सायंटिफिक कॅल्क्युलेटरं यावर एकमत नाहीत, कुणी ९ देतं, कुणी १. माझ्या मते भागाकारानंतर चिन्हाविना गुणाकार आला तर उत्तर देऊ नका, 'कंस घाला' म्हणा. टक्क्याचंही तसंच. स्टोअरवाल्याला १००० + १८% म्हणजे ११८० हवेत, लॅबला १००० + ०.१८. स्टोअरची सवय ठेवा, पण वापरलेला अर्थ उत्तराखाली बारीक अक्षरात दाखवा. नाहीतर ११८० − १८% करून जीएसटी वगळला असं कोणीतरी समजेल, आणि ते येतं ९६७.६०.

लॉगही विचारून घ्या. व्हीबीत आणि पायथॉनमध्ये नुसता लॉग म्हणजे नैसर्गिक लॉग, १०० ला ४.६०५ देणारा. पीएच काढणाऱ्याला १० पायाचा लागतो. जुन्या लेखकाने आत कुठेतरी २.३०३ ने भागलं असेल. तो भागाकार तीनच दशांशांचा असेल, तर चौथ्या-पाचव्या अंकाला फरक दिसेल आणि निर्णयाच्या रकान्यात 'चूक' येईल. व्यस्त साइनही तपासा. व्हीबीत तो नाही. त्या काळी सगळे मदत-पानावरचं सूत्र उतरवायचे: एक्स भागिले '१ वजा एक्सवर्ग' याचं वर्गमूळ, आणि त्याचा आर्कटॅन. एक्स १ झाला की शून्याने भागाकार. आणि पाय कुठे २२/७ लिहिलाय का बघा. त्यात ०.०४ टक्के चूक असते, म्हणजे दहा हजार लिटरच्या टाकीमागे चार लिटर.

अंकांच्या वाचनाबद्दल एवढंच. व्हीबीतलं व्हॅल हे फंक्शन स्वल्पविरामाशी थांबतं, त्यामुळे १,२३,४५६ टाकलं तर ते फक्त १ वाचतं. नव्यात भारतीय पद्धतीचे स्वल्पविराम चालले पाहिजेत, मग फंक्शनमधल्या दोन संख्या वेगळ्या करायला अर्धविराम ठेवा. देवनागरी अंक पायथॉन स्वतः वाचतो. पीडीएफमधून कॉपी केलेलं लांब वजा चिन्ह, घात म्हणून चिकटलेला छोटा २ आणि युनिकोडमधली दोन वेगवेगळी मायक्रो चिन्हं ही मात्र तुम्हाला आधीच एका रूपात आणावी लागतील.

आता युनिटं, आणि इथेच सगळ्यात जास्त वेळ द्या. जुन्या कोडमध्ये बहुधा 'कशातून कशात' अशी जोड्यांची यादी असेल. ती उचलू नका. नव्वद युनिटांच्या जोड्यांत कुठला गुणक कुठल्या पुस्तकातून आला हे कोणालाच सांगता येत नाही, आणि जाऊन परत आलं की मूळ संख्या मिळत नाही. प्रत्येक युनिटाला एकच ओळ द्या: नाव, लघुरूपं, मूळ एसआय युनिटांचे सात घातांक (लांबीला १, क्षेत्रफळाला लांबीचा २, असे), गुणक अपूर्णांकात, शून्यबिंदूचा सरक (शून्य किती अलीकडे-पलीकडे आहे ते) आणि गुणकाचा आधार. नमुना म्हणून: इंच, लांबी १, १२७/५०००, सरक ०, १९५९ च्या करारानुसार नेमका. पौंड ०.४५३५९२३७ किलो, तोही नेमका. मापांचे बहुतेक गुणक असे व्याख्येने नेमके असतात, मोजलेले नसतात. मग ते सहा अंकांवर तोडायचे कशाला?

घातांक जुळले नाहीत तर रूपांतर नाही, हा एक नियम निम्म्या चुका पकडतो. स्टोअरचं ब्रास घ्या. रेती-मुरुमाचं ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. प्लास्टर-फरशीचं ब्रास म्हणजे १०० चौरसफूट. शब्द एकच, पण एक घनफळ आणि दुसरं क्षेत्रफळ. दोन वेगळ्या ओळी करा आणि नुसतं 'ब्रास' टाकलं की कोणतं ते विचारा. टनाचंही तसंच. स्टोअरचा टन १००० किलो, एसीचा टन १२,००० बीटीयू दर तासाला, म्हणजे ३.५१७ किलोवॅट. हॉर्सपॉवर मेट्रिक असेल तर ७३५.५ वॅट, इंग्रजी असेल तर ७४५.७, दीड टक्क्याच्या जवळचा फरक. कॅलरी ४.१८४ ज्यूल की ४.१८६८? लॅब आणि बॉयलर हाउस वेगळी वापरत असतील, तर दोन्ही ठेवा, नावं वेगळी द्या. गॅलन अमेरिकन ३.७८५ लिटर, ब्रिटिश ४.५४६.

प्रेशरवर थांबूया, कारण इथली चूक महागात पडते. मेंटेनन्सवाला 'सात केजी प्रेशर' म्हणतो. त्या 'केजी'त तीन गोष्टी दडल्यात: किलो हे वस्तुमान नसून बल आहे, ते दर चौरस सेंटिमीटरला आहे, आणि ते गेजवर वाचलेलं, म्हणजे हवेच्या दाबाच्या वरचं आहे. ७ केजी गेज म्हणजे ६.८६ बार गेज. निरपेक्ष दाब हवा असेल तर त्यात १.०१३ मिळवायचे, म्हणजे ७.८८ बार. गेज आणि निरपेक्ष या दोन वेगळ्या जाती माना, तापमानासारखा सरक असलेल्या. जुन्या यादीत दोन्ही एकाच रांगेत असतील तर कोण कधी कोणतं वापरतं हे फिटरशेजारी उभं राहून बघा. ईमेलवर उत्तर मिळत नाही.

तापमानाच्याही दोन जाती. १० अंश सेल्सियस तापमान म्हणजे ५० फॅरनहाइट. पण हीट एक्स्चेंजरमधला १० अंशांचा फरक म्हणजे १८ फॅरनहाइट अंश. जुन्या प्रोग्राममध्ये एकच बटण असेल तर फरकाची गणितं इतकी वर्षं चुकत आली असतील, किंवा काचेखालची चिठ्ठी ते सांभाळत असेल. संयुक्त युनिटात, वॅट प्रति चौरसमीटर प्रति अंश यासारख्या, सरक कधीच लागू होऊ देऊ नका. चाचणीला −४०, ०, १०० आणि −२७३.१५ पुरेत.

काही गोष्टी युनिट रूपांतर नसतातच, पण जुन्या यादीत घुसलेल्या असतात. लिटरमधून किलो करायचं तर त्यामागे कुठल्यातरी द्रवाची घनता लपलेली असते. पीपीएममधून मिलिग्रॅम प्रति घनमीटर काढायला रेणुभार आणि तापमान लागतं. २५ अंशांना २४.४५ ने भागतात ते त्याचसाठी. अशी सगळी वेगळ्या पानावर काढा आणि घनता किंवा रेणुभार वापरणाऱ्याकडून मागून घ्या.

नाव ओळखताना आधी पूर्ण लघुरूप शोधा, मगच उपसर्ग तोडा. नाहीतर मिनिटाचं इंग्रजी लघुरूप मिली-इंच म्हणून वाचलं जातं आणि फुटाचं फेम्टो-टन. कुठल्या युनिटाला कुठले उपसर्ग चालतात हेही त्याच ओळीत लिहा. भौतिक स्थिरांक वेगळ्या फाइलमध्ये, सोबत साल. २० मे २०१९ पासून प्लांकचा, बोल्ट्झमनचा आणि ॲव्होगॅड्रोचा अंक व्याख्येने नेमका आहे. जुन्या कोडमधले त्याआधीचे असणार.

ताडून बघायला तिसरा साक्षीदार घ्या. ग्नू युनिट्स किंवा क्वॅलक्युलेट दोन्ही फुकट आहेत. जुनं आणि नवं जुळलं आणि तिसरं वेगळं आलं तर समजा की तुम्ही जुनी चूक जशीच्या तशी उतरवली आहे. जुळणीसाठी सापेक्ष फरक १०^(−९) ठेवा, उत्तर शून्याजवळ असेल तर निरपेक्ष फरक बघा. जुन्यात अडीचशे गणितं हाताने टाकायला एक दिवस जातो. व्हीबी ६ चा एडिटर आता सहजासहजी मिळत नाही, त्याचा सपोर्ट २००८ मध्येच संपला, म्हणून एक्झी फाइलला पायविनऑटोने (विंडोजवर आपोआप टाइप करणारी पायथॉन लायब्ररी) टाइप करून घ्या.

वेळेचा अंदाज, एकट्याने पूर्ण दिवस धरून: गणितं जमवणं आणि तक्ता ६ ते ७ दिवस, संख्या आणि व्याकरण ५, युनिटं ७, स्क्रीन ४, तक्त्यावरच्या बैठका ३. बैठका कमी धरू नका, तीन विभागांचे लोक एका खोलीत शिफ्ट बदलतानाच सापडतात. पायथॉनऐवजी सी शार्प घेतलं तरी चालेल. तिथलं डेसिमल २८ अंकांचं आहे, पण त्याला साइन-लॉग नाहीत, ते वेगळे आणावे लागतील. पायथॉनची एक्झी पायइन्स्टॉलरने बनवली तर अँटिव्हायरस कधी कधी उगाच अडवतो, म्हणून आयटीवाल्यांना आधी सांगून ठेवा.

शेवटी चार आठवडे दोन्ही कॅल्क्युलेटरं शेजारी चालू द्या. नव्यात एक बटण ठेवा, 'जुनं वेगळं येतंय', ते दाबलं की गणित आणि दोन्ही उत्तरं तक्त्यात ओळ म्हणून जातील. ज्या दिवशी जुनी एक्झी काढाल त्या दिवशी काचेखालच्या चिठ्ठ्याही काढून घ्या, आणि लॅबच्या मागच्या वर्षभराच्या रिपोर्टांसाठी जुन्या एक्झीची एक प्रत तारीख घालून आयटीकडे ठेवून द्या. ऑडिटरने जुना आकडा विचारला तर तो पुन्हा काढून दाखवता आला पाहिजे.